पीन्याच्या आतला कामिसोन

गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलीबरोबर तिची दुबईतली मैत्रीण बारा दिवस बडोद्याला आमच्या घरी राहून गेली. ती फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराची, व्यवसायाने परिचारिका. तिच्याकडे मैत्रिणीच्या आईला 'तिता' म्हणजे मावशी किंवा आत्या म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी तिची तिता झाले. मी दांडिया बाजारात अठ्ठावीस वर्षे शिवणाचे वर्ग चालवले, हे मुलीने तिला आधीच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिने पातळ कागदात गुंडाळलेले एक सैल, आखूड पोलके माझ्यासमोर उलगडले. ते तिच्या आजीचे होते आणि येत्या उन्हाळ्यात स्वतःच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिला ते घालायचे होते. "तिता, याच्या आत घालायचा कामिसोन, म्हणजे लांब आतला सदरा, राहिलेला नाही. तुम्ही शिवून द्याल का?" असे तिने विचारले.

त्या पोलक्याला तिकडे 'किमोना' म्हणतात. ते 'पीन्या'चे, म्हणजे अननसाच्या पानांतून काढलेल्या धाग्याचे होते. मी कापडाखाली हात धरला, तर तळव्यावरची प्रत्येक रेषा दिसत होती. मलमल मी पुष्कळ हाताळली आहे, पण इतके पारदर्शक आणि तरीही ताठ उभे राहणारे कापड मी कधी पाहिले नव्हते. 'याच्या आत काय घालायचे' हा प्रश्न तिच्या आजीला, आजीच्या आजीला आणि त्याही आधीच्या बायकांना सोडवावा लागला असणार, असे त्या क्षणी मनात आले. पुढचे काही महिने मी जे वाचले आणि तिला फोनवरून जे विचारत राहिले, ते येथे लिहीत आहे. विषय अंतर्वस्त्रांचा आहे. आपल्याकडे तो कुजबुजत बोलला जातो, परंतु शिवणाचे काम करणाऱ्या बाईला त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि वाचणाऱ्यांनीही ती वाटून घेऊ नये.

अननस हे मुळात दक्षिण अमेरिकेचे फळ. ते स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समध्ये नेले. तेथील विणकर आधीपासून आबाका या केळीच्या जातीच्या झाडाचा धागा काढून विणत होते, आणि तेच कौशल्य त्यांनी अननसाच्या पानाला लावले. पानाचा वरचा हिरवा थर फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या धारेने खरवडायचा, म्हणजे आधी जाड धागा निघतो, आणि त्याखालचा तलम धागा नारळाच्या करवंटीने हलक्या हाताने सोडवायचा. मग एकेक धागा हाताने गाठ मारून जोडत लांबवायचा आणि हातमागावर विणायचा. इलोइलो ज्या पानाय बेटावर आहे त्याच बेटावरच्या आक्लान प्रांतात, कालिबो गावाच्या परिसरात, हे काम आजही चालते. युनेस्कोने 2023 मध्ये आक्लानच्या पीन्या-विणकामाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. पारदर्शकतेबद्दल तिकडे एक गोष्ट सांगतात, की लोकांनी कपड्यात शस्त्र लपवू नये म्हणून स्पॅनिश अधिकाऱ्यांनी आरपार दिसणारे कपडे घालण्याची सक्ती केली. मला ती पटत नाही. इतक्या कष्टाने होणारे कापड सक्तीने घालायचे नसते, ते मिरवायचे असते, आणि पीन्या ही श्रीमंतांची चैन होती.

स्पॅनिश येण्यापूर्वी तेथील बायका आतून काय घालत असत, याचे उत्तर आन्तोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने 1609 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. लुझोन बेटावरच्या स्त्रिया बाह्यांची रंगीत आखूड अंगरखी घालतात, ज्यांना 'बारो' म्हणतात. त्या आतला सदरा मुळीच घालत नाहीत. कमरेला पांढरे सुती वस्त्र गुंडाळून ते पायांपर्यंत सोडतात आणि त्यावर दुसरे रंगीत वस्त्र वेढतात, असे त्याने नोंदवले आहे. हे लोक स्वच्छतेसाठी सतत स्नान करतात, हेही तो आवर्जून सांगतो. आतला सदरा नाही ही त्याला उणीव वाटली असावी. मला मात्र त्या हवेत, दमट उष्म्यात, ते अगदी शहाणपणाचे वाटते. एकावर एक गुंडाळलेल्या दोन सुती वस्त्रांपैकी आतले वस्त्र हेच अंतर्वस्त्र होते आणि त्याला निराळे नाव देण्याची कोणाला गरज भासली नव्हती.

मला या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते ती ही नावांचीच गोष्ट. बाहेरून नेसायच्या वस्त्रांची तेथील जुनी नावे टिकून आहेत: कमरेला गुंडाळायचे ते तापिस, बिसाया बेटांवरचे चौकड्यांचे ते पातादयोंग, मिंदानाओ बेटावरचे नळीसारखे शिवलेले ते मालोंग, अंगात घालायचे ते बारो. आत घालायच्या वस्त्रांची नावे मात्र जवळजवळ सगळी परकी आहेत. कामिसोन, कोर्पिन्यो म्हणजे चोळीवजा बंडी आणि नाग्वास म्हणजे परकर ही नावे स्पॅनिशमधून आली, आणि पँटी व ब्रा हे शब्द इंग्रजीतून. सालावाल हा जुना शब्द मलय भाषेतून आला असून त्याचे मूळ आपल्या सलवार आणि सुरवारीचेच आहे. सर्व अंतर्वस्त्रांना मिळून तेवढा तगालोग भाषेचा स्वतःचा शब्द आहे, 'पान्लोओब', म्हणजे आतले, आतल्यासाठीचे. त्यातल्या 'लोओब' या शब्दाचा अर्थ केवळ आतली बाजू असा नसून माणसाचे अंतःकरण असाही होतो. कधी न फिटणाऱ्या उपकारांना तेथे 'ऊतांग ना लोओब', अंतःकरणावरचे ऋण, म्हणतात.

हे तिने मला सांगितले त्या संध्याकाळी मी आपल्या घरातल्या नावांचा विचार करत बसले. लुगडे आणि चोळी हे आपले शब्द. पेटीकोट, बॉडी, निकर, ब्रा, झंपर हे सगळे बाहेरून आलेले. आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांतून परकराला चणिया म्हणायची सवय आहे, तीही गुजरातीतून आलेली. माझी आजी आयुष्यभर सकच्छ नऊवारी नेसली. कासोटा घातलेल्या लुगड्यात आतून वेगळे काही घालावे लागत नाही, कारण नेसण्याच्या पद्धतीतच ती सोय आहे. आईने लग्नानंतर गोल पातळ नेसायला सुरुवात केली आणि त्याबरोबर नाडीचा परकर घरात आला. बाहेरचे वस्त्र बदलले म्हणून आतले वस्त्र आले, हा क्रम माझ्या स्वतःच्या घरात घडलेला आहे. फिलिपिन्समध्ये तोच क्रम तीन शतकांच्या अवधीत घडला.

1565 पासून स्पेनची सत्ता तेथे रुजू लागली, 1571 मध्ये मनिला राजधानी झाली, आणि हळूहळू गुंडाळायच्या वस्त्राची जागा शिवलेल्या घेरदार 'साया'ने घेतली. साया हा शब्दही स्पॅनिशच. तापिस गेले नाही, ते सायावरून कमरेला घट्ट बांधले जाऊ लागले. म्हणजे जे आधी मुख्य वस्त्र होते ते आता वरचे आच्छादन झाले. अंगात बारो किंवा कामीसा आली, पीन्याची किंवा आबाकाच्या तलम सिनामायची, रुंद गळ्याची आणि आरपार दिसणारी. मग त्या गळ्यावर त्रिकोणी घडीचा पान्युएलो आला, छाती झाकण्यासाठी. आत कोर्पिन्यो किंवा कामिसोन आला, अंग झाकण्यासाठी. सायाखाली नाग्वास आला, घेर फुलवण्यासाठी. चर्चची नजर शरीर झाकायला सांगत होती आणि प्रतिष्ठा पारदर्शक कापड मिरवायला सांगत होती. या दोन्ही मागण्या पुऱ्या करण्याचा भार बाईने एकावर एक थर चढवून वाहिला, आणि तोही अशा देशात, जेथे वर्षातला मोठा काळ कपाळावरचा घाम वाळत नाही. त्या थरांचे सौंदर्य मी मनापासून मानते. नाग्वासाच्या खालच्या कडेची लेस सायाखालून किंचित दिसावी अशी बेताची लांबी ठेवलेली असे, आणि ती लेस पांढरीशुभ्र राखणे ही घरची अब्रू समजली जाई. पण ती पांढरी राखण्यासाठी नदीवर कपडे आपटणारे, तांदळाची खळ करणारे आणि कोळशाच्या इस्त्रीपुढे उभे राहणारे हातही बायकांचेच होते, आणि बहुधा त्या निराळ्या बायका होत्या.

कामीसा आणि आपला कमीज हे एकाच जुन्या शब्दाचे दोन फाटे आहेत: लॅटिन 'कामिसिया' स्पॅनिशमध्ये कामीसा झाला आणि अरबीच्या वाटेने आपल्याकडे कमीज होऊन आला. कामिसोन हे त्याच कामीसाचे वाढीव रूप, लांब आतला सदरा. बिसाया बेटांवर कापसाला 'गापास' म्हणतात आणि तगालोगमध्ये रेशमाला 'सुत्ला'. पहिल्यात आपला कार्पास आणि दुसऱ्यात आपले सूत्र आहे, दोन्ही मलय भाषेच्या मार्गाने गेलेले. या सगळ्यांहून मला हलवून गेलेला शब्द निराळा आहे. एकोणिसाव्या शतकात फिलिपिन्समधल्या बायका साया शिवण्यासाठी जे चौकड्यांचे सुती कापड वापरत, त्याला 'काम्बाया' म्हणत, आणि हे नाव खंभातवरून आले आहे. आमच्या बडोद्याहून मोटारीने दोन तासांवर असलेले ते बंदर आता गाळाने भरून गेले आहे, पण त्याचे नाव समुद्रापलीकडे एका परकराच्या कापडात शिल्लक राहिले. मी हे त्या मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे आम्ही आधीपासून नातेवाईक होतो, तिता."

त्या काम्बायाची पुढची गोष्ट सुखाची नाही. इलोइलो हे विणकरांचे मोठे केंद्र होते. 1855 मध्ये तेथील बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पुढच्याच वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तेथे आला. त्याने मँचेस्टरच्या गिरण्यांतून तेथील पातादयोंग आणि काम्बायासारखेच दिसणारे स्वस्त कापड आणवले आणि परतीच्या जहाजांतून साखर पाठवली. काही वर्षांत इलोइलोचे माग थंडावले आणि पूर्वी घरी बसून विणणारी माणसे शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या उसाच्या मळ्यांवर राबू लागली. मँचेस्टरच्या कापडाने आपल्या विणकरांचे काय केले ते आपण शाळेत शिकलो आहोत. तोच काळ, त्याच गिरण्या आणि त्याच चौकड्या दुसऱ्या किनाऱ्यावरही तेच करत होत्या, हे मला इतक्या उशिरा कळले याचे वाईट वाटते.

1898 नंतर अमेरिकेची सत्ता आली आणि अंतर्वस्त्रांच्या कहाणीला एक निराळे वळण लागले. शाळांतून मुलींना शिवण, लेस आणि भरतकाम शिकवले जाऊ लागले. अमेरिकेशी जकातमुक्त व्यापार सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि स्वित्झर्लंडकडून येणारा भरतकामाचा माल अडला, तेव्हा अमेरिकी दुकानदारांची नजर फिलिपिन्सकडे वळली. अमेरिकेत तयार झालेले कापड जहाजाने मनिलाला जाई, मनिलाभोवतीच्या गावांतल्या बायका घरी बसून त्यावर भरतकाम करत, आणि स्त्रियांचे रात्रीचे झगे, आतले सदरे व बाळांची झबली होऊन ते परत अमेरिकेला जाई. 'फिलिपिन्समध्ये हाताने शिवलेले' हे शब्द तेथील दुकानांच्या जाहिरातींत अभिमानाने छापले जात. महाराणी चिमणाबाईंच्या नावाच्या इथल्या स्त्री उद्योगालयात सुईच्या जोरावर स्वतःचे पोट भरणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे सुई बाईला काय मिळवून देऊ शकते हे मी जाणते. परंतु घरी बसून तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या बाईचे काम कोणाला दिसत नाही आणि तिचा दर ती स्वतः ठरवत नाही, हेही मी तितकेच जाणते. लागुना प्रांतातल्या लुंबान गावचे 'कालादो' भरतकाम आजही प्रसिद्ध आहे. त्यात कापडातले काही धागे काढून टाकतात आणि उरलेल्या धाग्यांवर जाळी बांधतात. मी स्वतः मलमलवर तसा दोन बोटांचा नमुना करून पाहिला आणि तेवढ्याला मला पाच तास लागले.

बाहेरचा पोशाख त्या काळात झपाट्याने आटोपशीर झाला. तापिस गळाले, घेर उतरला, कामीसा आणि साया एकाच कापडाची जोडी होऊन 'तेर्नो' म्हणवली गेली, आणि रामोन वालेरा या वेशरचनाकाराने तिचे भाग जोडून पाठीला चेन असलेला एकसंध पोशाख बनवला. त्याला मरणोत्तर 2006 मध्ये राष्ट्रीय कलाकाराचा मान मिळाला. पान्युएलो गेला, नाग्वास सणापुरता उरला आणि त्यांच्या जागी पाश्चात्य पद्धतीची अंतर्वस्त्रे रूढ झाली. शहरातल्या या बदलाबद्दल मला फार सांगायचे नाही, कारण तो जगभर सारखाच झाला.

खेड्यातली गोष्ट निराळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत गव्हाच्या पिठाच्या सुती पिशव्या उसवून त्यांचे कापड वापरले जाई. त्याला 'कात्सा' म्हणतात. आपल्या मांजरपाटाशी त्याचे जवळचे साम्य आहे. छापलेली अक्षरे निघून जावीत म्हणून ते साबण लावून दिवसेंदिवस उन्हात टाकायचे आणि मग त्याच्या चड्ड्या, कामिसोन आणि बाळाचे लंगोट शिवायचे. आमच्या पाहुणीच्या आजीच्या लहानपणीच्या चड्डीवर, कितीही धुतले तरी, पिठाच्या कंपनीचे निळे अक्षर पुसट दिसत राहिले होते आणि बहिणी त्यावरून कोणाची चड्डी कोणती ते ओळखत असत. बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकला तेथे 'सान्दो' म्हणतात, हे ऐकून मात्र मी चकित झाले, कारण आपणही सँडो बनियनच म्हणतो. 1905 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेलेल्या युजेन सँडो या बलोपासकाचे नाव आपल्या दोरीवर वाळते आहे आणि तेथेही वाळते आहे.

एका दुपारी मेथी निवडताना आमचे बोलणे पाळीवर आले. पाळीच्या दिवसांत वापरायच्या घडीच्या कापडाला तेथे 'पासादोर' म्हणत. मुलगी पहिल्यांदा ऋतुमती झाली की तिने आपली चड्डी स्वतः धुवायची, त्यातले थोडे पाणी चेहऱ्याला लावायचे म्हणजे मुरुमे येत नाहीत, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारायची म्हणजे पाळी तीनच दिवस राहते, अशी समजूत आहे. आज परिचारिका असलेल्या आमच्या पाहुणीनेही त्या वयात आईने सांगितले म्हणून ती उडी मारली होती. मी तिला आमच्याकडचे न्हाणाचे समारंभ सांगितले, कोपऱ्यात बसवणे सांगितले, आणि वापरलेली कापडे कोणाला दिसू नयेत म्हणून माझी आई ती उन्हात न टाकता न्हाणीघराच्या अंधारात वाळवायची, त्यामुळे आम्हा बहिणींना किती त्रास झाला, तेही सांगितले. हे मी माझ्या मुलीलादेखील यापूर्वी सांगितले नव्हते. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. बाळंतिणीचे पोट बांधायच्या पट्ट्याला ते 'बिगकिस' म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी आजीचे जुने मऊ लुगडे फाडत असत.

फत्तेसिंह संग्रहालयात तिला राजा रविवर्म्याची चित्रे दाखवायला नेले, तेव्हा नऊवारी नेसलेल्या एका स्त्रीसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि हिच्या आत काय असते असे तिने हळूच विचारले. काही नसते, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली की तिची पणजीही विहिरीवर अंघोळ करताना पातादयोंग काखेत खोचून छातीपर्यंत बांधायची, आणि अंघोळ झाल्यावर कोरडे वस्त्र वरून गुंडाळून आतले ओले असे काही सोडून टाकायची की कोणाला काही दिसत नसे. माझी आजी नर्मदेच्या घाटावर अगदी तेच करत असे. मी तेथेच पदर घेऊन ते करून दाखवले, आणि तिने आपली ओढणी घेऊन तिच्या पणजीची पद्धत दाखवली. दोन्हींत गाठीची जागा तेवढी वेगळी होती.

आता कामिसोनाविषयी. मंगळबाजारात मी तीन दुकाने फिरले. सॅटिनचे अस्तर दुकानदाराने आग्रहाने दाखवले, पण पीन्याखाली चकाकणारे कापड घातले तर वरचे भरतकाम मरते, म्हणून मी बारीक सुताची मलमल घेतली आणि ती दोनदा पाण्यातून काढून आटवून घेतली. रंग पांढरा न घेता कच्च्या सुताचा घेतला, कारण आजीचे पीन्या वर्षांनुवर्षांनी मधाच्या रंगाकडे झुकले आहे आणि शुभ्र रंग त्याला जुनाट दाखवला असता. छातीला टक्स न घेता कापड उरेब कापले, म्हणजे ते आपोआप अंगाबरोबर पडते. मुंढा किमोनाच्या मुंढ्यापेक्षा अर्धा इंच आत ठेवला, खांद्यावरची पट्टी भरतकामाच्या वेलीखाली नेमकी लपेल इतक्या रुंदीची केली, आणि सगळ्या शिवणी आतून दुमडून हातानेच तुरपल्या, कारण मशीनच्या दोऱ्याची कड पीन्याच्या धाग्याला ओढते. खालच्या कडेला तो पाच तासांचा दोन बोटांचा कालादो लावला. तो बाहेरून कोणाला दिसणार नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते पार्सल इलोइलोला पोहोचले. तिने घालून पाहिले आणि कळवले की खांदे बरोबर बसतात, पण काखेत थोडे घट्ट होते आहे. दोन्ही बाजूंना मी शिवणीत पाऊण इंच माया ठेवली आहे. ती कशी सोडवायची हे मी चित्र काढून तिच्या आईला पाठवले आहे.